चॉकलेटचा गार पाय

८ सप्टेंबर, मंगळवार

वजन परत उतरलं.

डॉक्टरीणबाईंनी ठकूला काट्यावर पाठमोरी उभी केली. आकडा तिला दिसू नये म्हणून. मला दिसला. मी लगेच भिंतीकडे बघितलं. भिंतीवर दात कसे घासावेत त्याचं चित्र होतं. ते सगळं नीट वाचून काढलं.

बाई बोलायला मऊ, पण बोलल्या ते सरळ. महिनाअखेरच्या तपासणीला वजन आणखी उतरलेलं दिसलं तर घरी ठेवता येणार नाही. दाखल करायचं. वेळ पडली तर नाकातून नळी. "ठोके मंदावलेत तिचे. हा हट्ट नाही, आजार आहे. तुम्हाला कळतंय ना?"

कळतंय. कळून काय करू?

येताना ठकू गाडीत मागे बसली, माझ्या हत्यारांच्या पेट्यांमध्ये अंग चोरून. ही माझ्या शेजारी. सिग्नलला मागून आवाज आला — "बाबा, मला तिथे टाकणार नाही ना?"

"नाही गं. वेडी का तू?"

हिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

कशाच्या जोरावर म्हणालो मी!

९ सप्टेंबर, बुधवार

सूप केलं होतं हिने. ठकू ताटलीसमोर बसली, चमचा फिरवत राहिली. सूप गार झालं. हिने गरम करून आणलं. परत गार. परत गरम. शेवटी मी टेबलावर हात आपटला. सूप सांडलं. ठकू उठून फडकं घेऊन आली आणि टेबल पुसायला लागली — चांगलं वाटलं तिला. पुसता पुसता सुटका झाल्यासारखी दिसली.

हात आपटायला नको होता.

१० सप्टेंबर, गुरुवार

काही नाही. चहा. बिनदुधाचा.

११ सप्टेंबर, शुक्रवार

आज लिहायलाच हवं. गाडीतच लिहितोय, मांडीवर वही ठेवून. पुढच्या गिऱ्हाईकाचा फ्रीज थांबू दे जरा.

काल संध्याकाळी एका कॅफेत काम होतं. काचेचा फ्रीज, आतला पंखा बंद पडला होता. तो उघडायचा म्हणून मालकिणीने आतलं सगळं बाहेर काढून टेबलावर मांडलं. त्यात एक गोल पाय होता, केकसारखा तो विलायती पदार्थ. चॉकलेटचा. खाली बिस्किटाचा थर, मध्ये काळं गुळगुळीत चॉकलेट, वर पांढऱ्या क्रीमचे ढीग. "लवकर करा हो, हा गारच राहिला पाहिजे," मालकीण सारखी मागे लागली होती.

घरी आलो. ठकू पायांवर शाल घेऊन खिडकीत बसली होती. बोलायला काही सापडेना म्हणून ते सांगितलं. नुसतं सांगायचं म्हणून. तर ती म्हणाली — "वर क्रीम कसं होतं? पिळून काढलेलं की चमच्याने टाकलेलं?"

मी चाट! महिने झाले, या पोरीने खाण्यातलं काही विचारलं नव्हतं.

"चमच्याने. ढिगासारखं."

"मग बरोबर. पिळलेलं फार शिष्ट दिसतं." आणि मग खिडकीबाहेर बघत — "तसा असला तर मी चव बघेन कदाचित."

कदाचित म्हणाली. मी ऐकलं ते फक्त "चव बघेन". चपला घालून तसाच धावलो. कॅफे बंद व्हायच्या बेतात, पण तोच पाय उरला होता, त्यातला एक मोठा तुकडा. खोक्यात घालून, बर्फाची पिशवी लावून आणला. ठकूने खोकं उघडलं, वाकून बघितलं, नाकही लावलं. मग झाकण लावलं.

"विकतचा नको, बाबा. त्यात काय काय घातलंय कुणाला माहीत. घरचा असता तर गोष्ट वेगळी."

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "घरी कोण करणार? मला नाही येत असलं."

मी म्हटलं, "मी करतो."

दोघीही हसल्या नाहीत. ते फार लागलं.

१२ सप्टेंबर, शनिवार

आज सुट्टी घेतली. ही सकाळीच चष्म्याच्या दुकानात कामाला गेली. स्वयंपाकघर मोकळं.

मला चहासुद्धा धड येत नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. तरी कॅफेच्या मालकिणीला फोन करून कृती विचारली. बिचारीने सांगितली, दोनदा. बिस्किटांचा चुरा, त्यात वितळलेलं लोणी, डब्याला दाबून बसवायचं, फ्रीजमध्ये. मग दूध, साखर, कोको, कॉर्नफ्लोअर, अंड्यातला पिवळा बलक — मंद आचेवर ढवळत राहायचं, घट्ट झालं की उतरवून चॉकलेट घालायचं. गार करायचं. वर फेटलेलं क्रीम. एवढंच की!

एवढंच!

बिस्किटं लाटण्याने कुटायला घेतली तर निम्मी जमिनीवर. खालच्या मजल्यावरून अक्का आली — माझी थोरली बहीण, धप्प झालं की वर येणारच. "काय फोडतोयस?"

"पाय करतोय."

"कुणाचा पाय?"

सांगितलं. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "एक थोबाडीत ठेवून दिली असती वेळेवर, तर आज हे नाटक नसतं. आम्ही नाही वाढलो? ताटात पडलं ते गिळलं."

"अक्का, तू खाली जा."

"जाते. दूध उतू जातंय बघ."

गेलंच उतू. दुसरं घेतलं. बलक घातले, तर त्यांच्या गुठळ्या झाल्या — शिजलेल्या अंड्याचे पिवळट तुकडे कोकोत पोहायला लागले. गाळणीने गाळलं. उरलं ते पातळ होतं. म्हटलं गार झालं की घट्ट होईल. आयुष्यभर लोकांचे फ्रीज दुरुस्त केले, थंडी काय करू शकते ते मला कळायला हवं होतं! डबा वरच्या कप्प्यात ठेवला आणि दर थोड्या वेळाने जाऊन हलवून बघत होतो. लगदा डुचमळत होता.

१३ सप्टेंबर, रविवार

कापला. कापला कसला — सुरी लावली आणि तो वाहिला. बिस्किटाचा किनारा कोसळला, चॉकलेट टेबलावरून हिच्या मांडीवर. अक्का मुद्दाम बघायला आली होती. "याला पाय म्हणतात? हा तर पळाला!"

आणि ठकू हसली. तोंडावर हात धरून, खांदे हलवत हसली. दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. किती दिवसांनी!

"बाबा, कॉर्नफ्लोअर कच्चं राहिलं. बुडबुडे यायला लागले की त्यानंतरही ढवळत राहायचं असतं. तुम्ही आधीच उतरवलंत. आणि बलकात आधी थोडं थोडं गरम दूध घालून ते ओळखीचं करून घ्यायचं असतं, एकदम कढईत टाकायचं नाही."

"तुला कसं माहीत?"

"बघते मी मोबाइलवर. सगळं बघते."

चव मात्र घेतली नाही. म्हणाली, "हा नाही, बाबा. हा बिघडलाय."

बरोबरच आहे. बिघडलेला कोण खाईल? चूक माझी. पुढचा नीट करतो.

१५ सप्टेंबर, मंगळवार

दुसरा. भरण घट्ट झालं यावेळी! बलक ओळखीचे करून घेतले. मग घाई नडली. म्हटलं बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर संध्याकाळपर्यंत होईल. वर दगड झाला, बाहेर काढल्यावर पाणी सुटलं. आणि क्रीम — फेटत गेलो, फेटत गेलो, छान उभं राहिलं होतं, म्हटलं अजून थोडं — त्याचं लोणी झालं. भांड्यात पिवळे गोळे आणि पांढरं पाणी.

ही कामावरून आली. पिशवीही खाली ठेवली नव्हती. भांड्यात बघितलं आणि तिचा बांध फुटला.

"अहो, तुम्हाला खरंच वाटतं का, की पायने पोरगी बरी होणार आहे? ठोके मंदावलेत म्हणाल्या बाई! ठोके! आणि तुम्ही क्रीम फेटताय!"

"मग काय करू? सांग ना! तुझं सूप पिते का ती?"

बोलायला नको ते बोललो. ही बाथरूममध्ये गेली, नळ सोडला. नळ सोडून रडते, ठकूला ऐकू जाऊ नये म्हणून.

ठकूला सगळं ऐकू जातं. घर आहे केवढंसं!

१६ सप्टेंबर, बुधवार

दिवसभर कामात लक्ष नाही. एका बाईंच्या फ्रीजचं दार उलटं बसवलं.

१७ सप्टेंबर, गुरुवार

काय लिहू, कसं लिहू!

तिसऱ्यांदा बिस्किटं कुटत होतो. मागून येऊन ठकूने लाटणं काढून घेतलं. "सरका बाबा. बघवत नाही."

हिचा एप्रन बांधला तिने. दोन वेढे बसले कंबरेला. ते मी बघितलं नाही असं केलं. मग काय हात चालले पोरीचे! बिस्किटांचा चुरा पिठासारखा. लोणी ओतून वाटीच्या बुडाने दाबून दाबून भिंत बसवली — गवंड्याने बसवावी तशी. दूध ढवळताना एकदासुद्धा चमचा थांबला नाही. बुडबुडे आले तरी ढवळतेय, मला म्हणते, "मोजू नका, बघा. चमच्याला चिकटून राहतंय का बघा." चॉकलेटचे तुकडे टाकले, ते विरघळले तसा सगळ्या घराला वास लागला. गाळून डब्यात ओतलं, वर प्लास्टिक अगदी चिकटवून लावलं — साय धरू नये म्हणून. "आता रात्रभर हात लावायचा नाही. तुम्ही तर नाहीच!"

गाल लाल झाले होते तिचे. नाकाला कोको.

ही दाराशी उभी राहून बघत होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला, की बोटं दुखली.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

काय सुरेख झाला! क्रीम तिने हाताने फेटलं, नेमक्या वेळी थांबली. चमच्याने ढीग टाकले, वर चॉकलेट खिसलं. सुरी गरम पाण्यात बुडवून कापला — तुकडा उभाच्या उभा ताटलीत आला. थंडगार, गुळगुळीत. जिभेवर ठेवला की आधी गारवा कळतो, मग चॉकलेट, मग किंचित मीठ.

अक्कालाही बोलावलं. तिने दोन तुकडे खाल्ले, आणि चक्क गप्प बसून खाल्ले.

ठकू सगळ्यांना वाढत होती. तिच्याही ताटलीत तुकडा होता. मी बघितला.

सुटलो आपण. पोरगी परत आली. देवा, कुणाकुणाचे आभार मानू!

१९ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा केला. यात संत्र्याची साल खिसून घातली. अप्रतिम.

२१ सप्टेंबर, सोमवार

आज कॉफी घातलेला. ठकू सकाळपासून स्वयंपाकघरात. ओटा लख्ख. पातेली रांगेत. गाणं गुणगुणत होती! सामान मीच आणून देतो, ती सांगते, मी धावतो. मालकिणीला फोन करून सांगितलं, बाई, तुमच्या कृतीने घर वाचवलं. ती म्हणाली, कौतुक आहे हो मुलीचं.

आहेच.

२२ सप्टेंबर, मंगळवार

पँटचं बटण लागेना. ही हसली. आम्ही दोघं गरगरीत होणार आता! होऊ दे.

ठकू मात्र जरा हट्टी झालीय या बाबतीत. हिला काल दुसरा तुकडा नको होता, तर ठकू ताटली धरून समोरच उभी. "घे ना आई. माझ्यासाठी. एवढा केलाय मी." ही म्हणाली, पोट भरलंय गं. ठकूचे ओठ थरथरायला लागले. हिने खाल्ला. ठकू प्रत्येक घास बघत होती — तोंडात जाईपर्यंत, गिळेपर्यंत.

असो. केलं त्याचं कौतुक हवं असतं माणसाला.

२३ सप्टेंबर, बुधवार

आज उगाच तिच्या ताटलीकडे लक्ष गेलं. तुकडा होता. नंतर ताटली रिकामी होती. मधलं मला आठवत नाही. ती उठते, पाणी आणते, अक्काला वाढते, परत बसते, परत उठते.

खात असेल. खाल्ल्याशिवाय का रिकामी होते ताटली?

२४ सप्टेंबर, गुरुवार

लिहायचं नाही ठरवलं होतं. अजूनही वाटतं लिहू नये.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

अक्काने दुपारी मला खाली बोलावलं. दार लावून घेतलं. बस म्हणाली. बसलो.

"तुम्ही दोघं आंधळे झालात का?"

"काय झालं?"

"पोरगी एक घास खात नाही. पहिल्या दिवसापासून. मी रोज समोर बसते, रोज बघते. तिचा तुकडा माझ्या ताटलीत येतो, नाहीतर तुझ्या. बोलण्याच्या नादात तू तो खातोसही. अरे, तिच्या वाट्याचं तू खातोयस, मी खातेय!"

मी म्हटलं, तसं नसेल. असं कसं असेल?

अक्काचा आवाज बदलला. ती एरवी अशी बोलत नाही. "मी थोबाडीत द्यायला हवी म्हणाले होते ना, तिथे चुकले मी. काल तिने मला वाढताना वाकून हात पुढे केला. मनगट बघितलं. हे मारून जाणारं नाहीये रे. मला भीती वाटते."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. जिन्यातच उभा राहून. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, असं होतं. आतून इतकी भूक असते, की मन दिवसभर अन्नाशेजारीच फिरत राहतं. करायचं, मांडायचं, दुसऱ्यांना खाऊ घालायचं — फक्त आपण खायचं नाही. "ती तुम्हाला फसवत नव्हती असं समजा. आजार तिला फसवतोय, आणि ती त्याचं ऐकतेय."

म्हणजे मीच आणून दिलं. बिस्किटं, लोणी, क्रीम, चॉकलेट. मी धावत धावत आणून दिलं! तिचा आजार ओट्याशी एप्रन बांधून उभा होता, आणि मी त्याला गाळणी हातात देत होतो. वर म्हणत होतो, पोरगी परत आली.

जिन्यात बसून राहिलो. वर जाववेना.

२६ सप्टेंबर, शनिवार

पाय फ्रीजमधून निघाला. तिने कापला. तीन ताटल्या. अक्का आलीच नाही.

मी चमचा खाली ठेवला. "ठके, आज आधी तू. तू खाल्लास तर मी खाईन."

"मी नंतर खाते."

"नाही. आत्ता. आमच्यासमोर."

"बाबा, वितळतोय तो. खा ना."

हीसुद्धा म्हणाली, "बाळा, एकच घास."

ठकूने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग पायचा डबा उचलला आणि जमिनीवर आपटला. काच नव्हती म्हणून बरं. "खोटं बोललात तुम्ही! कौतुक करत होतात ना? आवडतो म्हणत होतात ना? सगळं मला पकडायला! सापळा लावलात माझ्यावर!"

"अगं, सापळा काय—"

"मी हे करत असते ना, तेवढाच वेळ डोक्यात शांत असतं! तेवढाच! बाकी दिवसभर कुणीतरी ओरडत असतं आत! तेही काढून घ्या माझं! घ्या काढून!"

खोलीत गेली. कडी लावली.

ही आणि मी जमिनीवर बसून क्रीम गोळा करत राहिलो. क्रीम हाताने गोळा होत नाही. पसरतं नुसतं. ही मध्येच म्हणाली, "ओरडणारं कुणीतरी. ऐकलंत तुम्ही?" ऐकलं. "आपल्याला का नाही ऐकू येत हो ते?"

मी फडकं पिळून आणलं.

२७ सप्टेंबर, रविवार

सकाळी ठकू खाली अक्काकडे जाते म्हणून निघाली. वर येताना जिन्यात मध्येच बसली. मला वाटलं रुसून बसलीय. हाक मारली तर म्हणते, "बाबा, पाय उचलत नाहीयेत."

मी उचललं तिला. फ्रीज उचलणारा माणूस मी. हातांना वजनाचा अंदाज असतो, तेवढा जोर ते आपोआप लावतात. मी जोर लावला आणि झोक जाऊन मागे भिंतीवर आदळलो. त्या जोराला पुरेल एवढं काही नव्हतंच हातात.

पायांत मोजे होते, वर लोकरी सपाता. तरी तळवे इतके गार, की कपड्यांतून लागत होते.

डॉक्टरीणबाईंना कळवलं. म्हणाल्या, पडून राहू दे, साखरेचं पाणी द्या, पुन्हा असं झालं किंवा छातीत धडधडलं तर वाट बघू नका, तडक आणा. नाहीतर परवा तपासणी आहेच, तेव्हा ठरवू. साखरेचं पाणी तिने घेतलं. माझ्याकडे न बघता, औषध घ्यावं तसं.

ही म्हणाली, "परवाची वाट कशाला बघायची? आजच नेऊ." ठकू आतून ओरडली, "बाबांनी शब्द दिलाय!"

दिला होता. सिग्नलला.

मी शब्द पाळू की पोरगी राखू? एवढं सरळ आहे, तरी माझ्याने बोलवेना. भेकड आहे मी.

२८ सप्टेंबर, सोमवार

कामावर गेलो नाही. दुसरं काही सुचेना, म्हणून पाय केला. कुणाला न विचारता. का केला, ते नाही सांगता येत. हात रिकामे राहिले असते तर काय केलं असतं कुणास ठाऊक.

या वेळी काही चुकलं नाही. घाई केली नाही. खालच्या कप्प्यात ठेवला, जितका वेळ हवा तितका दिला. क्रीम नेमकं थांबवलं. उन्हं उतरायच्या वेळी एक तुकडा कापला, लहान, आणि तिच्या खोलीत घेऊन गेलो. एकच ताटली, एकच चमचा. ही आणि मी पलंगाच्या दोन बाजूंना बसलो.

मी म्हटलं, "सापळा नाही. कौतुकही नाही. पाहिजे तर खा, नाहीतर नको."

ती बघत राहिली. "भिंत छान बसलीय," म्हणाली.

मग चमचा घेतला. कोपऱ्यातला एवढासा तुकडा घेतला. ओठांपर्यंत नेला. तिथेच थांबला तो. क्रीम ओठाला लागलं. ती ते पुसतही नव्हती, चाटतही नव्हती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आवाज नाही. मी मनात म्हणत होतो — जा, जा, जा एकदाचा आत!

"बाबा, जात नाहीये."

"जाऊ दे."

"नाही, मला खायचाय! खरंच खायचाय मला. मी खोटं नाही करत. हात पुढेच जात नाहीये, बघा ना! बघा!"

बघितलं. मी आजवर समजत होतो, की ती नको म्हणते. ती नको म्हणतच नव्हती. दाराच्या आत कोंडलेला माणूस दार ठोठावतो तसं काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं, आणि आम्ही बाहेरून तिलाच दटावत होतो — दार उघड म्हणून.

हिने हळूच चमचा तिच्या हातातून काढून घेतला. ठकूने सोडला. आईच्या खांद्यावर डोकं टाकलं. कधीपासून टाकलं नव्हतं.

कुणी उठलं नाही. तुकडा ताटलीत हळूहळू सैल झाला, कडेने पाणी सुटलं, मग पसरला. आम्ही तिघं बघत बसलो. कुणीही त्याला हात लावला नाही.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "उद्या तिला सांगायचं कुणी?"

म्हटलं, मी. शब्द मी दिलाय, मीच मोडतो. आयुष्यभर तोंड बघणार नाही माझं, तर न बघू दे. पण जिवंत असू दे.

सांगायची वाक्यं जुळवतोय. एकही धड जुळत नाही.

२९ सप्टेंबर, मंगळवार

उठून बाहेर आलो, तर ठकू दारातल्या स्टुलावर बसलेली. बूट घालून. शेजारी बॅग, स्वतः भरलेली.

मी तोंड उघडलं. तिने हात वर केला. "तुम्ही काही बोलू नका, बाबा. मला तिथे ठेवा. नळी लावली तरी चालेल. घरी मला जमत नाहीये." आणि मग, अगदी हळू, "पण मला जमायला हवंय."

ही केस न विंचरताच जिना उतरली. मी गाडी काढली.